मासळीचा काटा आणि न वळणारे बोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोळंबी सोलताना किंवा खेकडे हाताळताना बोटाला काटा लागणे ही किनारपट्टीवर इतकी नित्याची बाब आहे की तिची कोणी दखल घेत नाही. परंतु दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तेच बोट सुजून वळेनासे झाले आणि ताप मात्र नसला, तर ‘मायकोबॅक्टेरियम मरायनम’ या जंतूचा संशय घ्यायला हवा. क्षयाच्या जंतूचा हा पाण्यातला भाऊबंद १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत प्रथम ओळखला गेला. घरातल्या शोभेच्या माशांच्या टाकीतूनही त्याची बाधा होते. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र सहसा होत नाही.

जंतू त्वचेतच राहिला तर तिथे आलेली गाठ किमान दिसते तरी. जंतू खोल जाऊन कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणात किंवा सांध्यात शिरला, की आजार संधिवातासारखा भासतो आणि त्यावर स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेल्यास तो आणखी बळावतो. प्रयोगशाळेतही हा जंतू सहज निसटतो, कारण त्याची वाढ ३० ते ३२ अंश सेल्सिअसला चांगली होते (हातपाय शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असल्याने तो तिथेच रमतो), आणि कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) नेहमीप्रमाणे ३७ अंशांवरच ठेवले तर बहुधा काहीच उगवत नाही. बायोप्सीत क्षयासारखे चित्र दिसल्यामुळे रुग्णाला पुष्कळदा क्षयाचीच औषधे सुरू होतात. त्यांपैकी रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांचा या जंतूवर परिणाम होतो, पायराझिनामाइडचा होत नाही; परिणामी थोडा उतार पडतो आणि चुकीचे निदानच पक्के होऊन बसते. योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात, शिवाय कंडरेभोवतीचा रोगट भाग शस्त्रक्रियेने काढण्याचीही वेळ अनेकांवर येते.

हातमोजे घाला, असा सल्ला देणे सोपे आहे. पण सोललेल्या मालाच्या वजनावर मजुरी मिळते तिथे हाताचा वेग कमी करणारे मोजे कोण घालणार? म्हणून माझी विनंती डॉक्टरांना आहे. बरे न होणारे बोट समोर आले, की रुग्णाचा मासळीशी किंवा माशांच्या टाकीशी संबंध येतो का, हे विचारावे आणि नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘कल्चर ३० अंशांवरही लावावे’ असे स्पष्ट लिहावे. किनारी जिल्ह्यांतील शासकीय रुग्णालयांच्या प्रयोगशाळांनी त्यासाठी कमी तापमानाचा एक इन्क्युबेटर (जंतू वाढवण्याची ठरावीक तापमानाची पेटी) राखून ठेवावा.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका, रत्नागिरी