दात किडले की माणूसच दोषी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला दातांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. दात किडणाऱ्यांना शिस्त नसते, हे त्यात तीनदा आलंय. साखर आली, ब्रश आला, चूळ भरणं आलं. लाळेबद्दल मात्र एक ओळ नाही.

माझे यजमान बावन्नाव्या वर्षापर्यंत ऊस दातांनी सोलून खात. एकही दात किडलेला नव्हता. मग जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आणि ३३ दिवस लाईट, म्हणजे किरणोपचार, घ्यावी लागली. गाठ गेली, पण किरणांच्या वाटेत लाळेच्या ग्रंथी आल्या, त्याही सुकल्या. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरेना. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग यायची. दीड वर्षात दात हिरडीलगत काळे पडले आणि तिथेच मोडू लागले. दिवसातून तीनदा ब्रश करत होते हो ते! तरी दवाखान्यात चार माणसांसमोर विचारलं गेलं, "काका, दात घासत नाही का?" तेव्हापासून ते तोंडावर हात ठेवूनच बोलतात.

निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. खाल्ल्यावर जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळेतलं बायकार्बोनेट ते आम्ल मारतं. तिच्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट झिजलेल्या जागी परत बसतं. हे बळ सगळ्यांच्या लाळेत सारखं नसतं. माझे दोन्ही मुलगे एकाच ताटातलं जेवून वाढले. थोरल्याच्या चार दाढा भरल्या, धाकट्याची एकही नाही. सगळं लाळेमुळेच झालं असं मी म्हणत नाही, पण थोरल्याला मी वर्षानुवर्षं बोल लावले, ते आज टोचतात.

ब्लडप्रेशरच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या कितीतरी गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. तुमच्या वाचकांपैकी निम्मे तरी माझ्या वयाचे असतील. त्यांना हे कोण सांगणार?

लाईट सुरू होण्याआधी दात तपासून घ्यायचे असतात, नंतर जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल वापरायचं असतं. हे आम्हाला यजमानांचे चौदा दात गेल्यावर कळलं. आज ज्यांच्या घरी लाईटची तारीख मिळाली आहे, त्यांच्यासाठी एवढं तरी छापा. जागा नसेल तर माझं बाकीचं पत्र काढा, हा परिच्छेद ठेवा.

आणखी एक. त्या लेखाखाली टूथपेस्टची अर्ध्या पानाची जाहिरात त्याच रंगात, त्याच अक्षरात होती. यजमान ती लेखाचाच भाग समजून वाचत होते आणि नाव कागदावर लिहूनही घेतलं. "जाहिरात" हा शब्द कोपऱ्यात इतका बारीक होता की मला भिंगाने शोधावा लागला. तो मोठ्या टायपात छापत जा.

आपली,
एक जुनी वाचक, कराड