प्रात्यक्षिकात ‘यील्ड’ लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या महाविद्यालयांत पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची प्रात्यक्षिके घेणाऱ्या शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे. मागेल तसे एकेक मूल्य देणारा जनरेटर आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारे कोरूटिन व्याख्येपुरते उरकू नका, मुलांच्या हातून लिहून घ्या.

लासलगावच्या कांदा भावांची काही वर्षांची फाइल घ्या. रीडलाइन्सने ती एकदम उचलली तर सगळ्या ओळी मेमरीत येऊन बसतात. फॉर लूपमध्ये एकेक ओळ वाचून तिच्यातला भाव यील्ड केला, म्हणजे तो बाहेर देऊन तिथेच थांबले, तर एका वेळी एकच ओळ हाताशी राहते. असे फंक्शन बोलावले की आतले काहीच चालत नाही, नुसता जनरेटर हाती येतो. नेक्स्ट म्हटल्यावर काम पहिल्या यील्डपर्यंत जाऊन थांबते, आतले व्हेरिएबल जसेच्या तसे राहतात. मध्ये प्रिंट टाकून मुलांनी हे डोळ्यांनी पाहावे.

गफलत होते ती सरासरी काढताना. सम बरोबर येतो, पण तेवढ्यात संपून गेलेल्या त्याच जनरेटरवरून नोंदी मोजायला गेले की शून्य मिळते आणि प्रोग्रॅम झीरोडिव्हिजनएरर देऊन पडतो. लांबी सांगणारे लेन तर जनरेटरवर चालतच नाही. मग मुले घाईने त्याची लिस्ट करतात आणि वाचवलेली मेमरी घालवतात. बेरीज आणि मोजणी एकाच लूपमध्ये करावी, हे सांगायलाच हवे.

सेंडने जनरेटरच्या आतही मूल्य पाठवता येते. ही सोय २००६ मध्ये पायथॉन २.५ मध्ये आली. मूल्य पाठवण्याआधी एकदा नेक्स्ट केले नाही, तर टाइपएरर ठरलेला. थांबून पुन्हा सुरू होण्याच्या याच पायावर २०१५ मध्ये, ३.५ मध्ये, कोरूटिन लिहिण्याचे असिंक आणि अवेट हे शब्द आले. म्हणून यील्ड आधी, असिंक नंतर.

असिंकसाठी १० कामे द्या, प्रत्येकात २ सेकंदांची वाट पाहणे. असिंकआयओ मॉड्यूलचा स्लीप आणि कामे एकत्र चालवणारा गॅदर वापरले तर सगळी मिळून साधारण २ सेकंदांत होतात. टाइम मॉड्यूलचा स्लीप घातला की २० सेकंद लागतात, कारण तो अख्खा इव्हेंट लूप, म्हणजे ही कामे आळीपाळीने चालवणारी यंत्रणा, अडवून धरतो. फॉर लूपमध्ये एकामागून एक अवेट केले तरी २० सेकंदच. अवेट विसरले तर काम होतच नाही, पडद्यावर फक्त एक इशारा उमटतो. वेबवरून माहिती आणणारी रिक्वेस्ट्स लायब्ररीही इव्हेंट लूप अशीच अडवते. तिथे पायथॉन ३.९ पासून असलेले, काम वेगळ्या थ्रेडवर चालवणारे टू-थ्रेड वापरावे.

आपला,
एक पायथॉन प्रशिक्षक, नाशिक