डालड्याचा डबा

बाळा,

परवा तू चिडून फोन ठेवलास म्हणून लिहितेय, नाहीतर बोलायला लागले की तू मधेच सुरू होतोस. "पोलिसांना कशाला बोलावलंस, मी येऊन तो डबा विहिरीत टाकला असता, आता उगंच केस मागं लागंल" हेच ना तुझं म्हणणं? आता ऐक.

डबा माळ्यावरनं मीच उतरवला. वाटलं आजोबांनी बियाणं ठेवलं असंल. उघडला तर पेपरात गुंडाळलेले सहा तोटे, म्हणजे सुरुंगाच्या जिलेटिनच्या कांड्या, आणि तळाला तोटा उडवायच्या रिफिलीएवढ्या चकचकीत केपा, वायरीची वेटोळी करून ठेवलेल्या. पेपर तेलकट झालेला, म्हटलं डालड्याचंच तेलकट असणार. पण जुन्या जिलेटिनच्या कांडीतनं त्यातलं स्फोटक, नायट्रोग्लिसरीन, असं घाम सुटल्यासारखं बाहेर येतं, मग नुसता धक्का लागला, घासलं तरी उडू शकतं. आणि मी तो डबा कमरेवर घेऊन शिडी उतरले होते रे! अजून आठवलं की पाय लटपटतात.

विहीर पाडताना तुझे आजोबा सुरुंगवाल्याच्या हाताखाली असायचे, संध्याकाळी डोकं धरून बसायचे, आजी म्हणायची ऊन लागलं. ऊन कसलं, तो माल हाताळला की कातडीतनं अंगात जातो आणि डोकं उठतं. आपल्या आटपाडीकडं विहीर म्हटली की खडक आणि खडक म्हटला की सुरुंग, त्यामुळं उरलेसुरले तोटे घरात राहिले तर त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

आणि तू ग्रुपवर फोटो टाकून लिहिलंस, एवढीशी केप काय करणार. पोरांची बोटं जातात त्यानं, डोळे जातात. ती नव्या तोट्यापेक्षा लवकर उडते.

विहिरीत टाकला असतास तर चार वर्षांनी गाळ काढायला जो उतरला असता त्याच्या टिकावाखाली आला असता. आणि तिथवर नेला कसा असतास, बाईकवर? आपल्या त्या रस्त्यानं?

केसचं म्हणशील तर मी तुझ्या वकील मामांना विचारलं. 1884 चा एक्स्प्लोझिव्ह कायदा आहे, लायसन नसताना जवळ ठेवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्यावर 1908 चा वेगळा कायदा, संशयास्पद परिस्थितीत सापडलं तर दहा वर्षांपर्यंत, आणि कायदेशीर कामासाठी होतं हे आपणच दाखवायचं. आता तूच सांग, गपचूप विहिरीत टाकणारा माणूस संशयास्पद दिसतो का फोन करणारी बाई? मी डबा तिथंच सोडला, म्हशी सोडवल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि लांब जाऊन 112 लावला. बॉम्बशोधक पथक आलं, आम्हाला देवळापाशी उभं केलं. जबाब माझा घेतलाय, तुला यायची गरज नाही.

तो फोटो मात्र ग्रुपवरनं आज काढ.

आणि रविवारी ये. आजोबांच्या लोखंडी पेटीची किल्ली सापडंना, तात्या छन्नी-हातोडा घेऊन बसलेत, त्यांना कसंबसं थांबवून ठेवलंय.

तुझी आई