गुणांचा तक्ता आधी तिच्या हातात द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी २७ वर्षे रुग्णालयात नोकरी केली, त्यातली शेवटची ११ परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून. निवृत्तीच्या थोडे आधी आमच्या संस्थेची पुनर्रचना झाली. दोन विभाग एकत्र करून सिस्टरच्या ९ जागा ६ वर आणल्या. कोण राहणार हे ठरवायचे तक्ते माझ्या टेबलावर आले: ५ निकष, प्रत्येकाला ५ पैकी गुण. मी ते भरले. त्यातल्या एका आकड्याबद्दल हे पत्र आहे.

कामाचे ज्ञान आणि हजेरी या दोन निकषांना निदान कागदाचा आधार होता. संघभावना, बदल स्वीकारण्याची तयारी आणि वृत्ती यांना माझ्या मताखेरीज काहीच नव्हते. इन्फेक्शन कंट्रोल बघणाऱ्या एका सिस्टरला मी ‘वृत्ती’खाली २ दिले. ही बाई राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही हात धुवायला लावायची. ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, चाचणीची पट्टी रजिस्टरला लावलेली नसली तर उपकरणांचा सेट परत पाठवायची, मग ड्रेसिंग अर्धा तास खोळंबले तरी चालेल. दोनदा तिने वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती आणि त्यातली एक माझ्याच वॉर्डची होती. गुण देताना मी स्वतःला तटस्थ समजत होते. सहाव्या आणि सातव्या क्रमांकात २ गुणांचे अंतर पडले. ती सातवी होती.

सामान घ्यायला आली तेव्हा तिने मला विचारले, “मॅडम, वृत्ती खराब म्हणजे कुठल्या दिवशीची?” कार्यालयाने गुण गोपनीय ठेवले होते, तिला फक्त निकष माहीत होते. मला एकही तारीख सांगता आली नाही. मनात आली ती तिच्या तक्रारीची तारीख, आणि ती मी बोलले नाही.

कागदाचा आधार असलेला निकष तरी निर्दोष होता का? हजेरीच्या रकान्यात कार्यालयाने गैरहजेरीचे एकूण दिवस भरून पाठवले होते. त्यात एकीची बाळंतपणाची रजा धरली होती. दुसरीची पेशंटला उचलताना कंबर धरली होती, ते दिवसही धरले होते. बाळंतपणाच्या रजेवर असणे किंवा आजारपणामुळे तात्पुरते गैरहजर राहणे ही कामावरून काढण्याची योग्य कारणे नाहीत, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ व्या करारात स्पष्ट लिहिले आहे. त्याच वर्षी ब्रिटनच्या कामगार अपील न्यायाधिकरणाने नोकरकपातीच्या एका प्रकरणात सांगितले की, निवडीचे निकष शक्यतो केवळ निवड करणाऱ्याच्या मतावर अवलंबून नसावेत, ते नोंदींवरून तपासता यावेत. आणि आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने तत्त्व घालून दिले ते ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हे. ते मोडायचे तर मालकाने कारण नोंदवावे. हे सगळे मी निवृत्तीनंतर वाचले. तक्ते भरायला देताना आम्हाला कोणीही त्यातले काही सांगितले नव्हते.

रुग्णालयात निव्वळ सेवाज्येष्ठतेवर माणसे निवडता येत नाहीत, हे मी मान्य करते. डायलिसिस येणारी सिस्टर नवी असली तरी ठेवावी लागते, नाहीतर पेशंटचे हाल होतील. पण कौशल्य दाखवता येते, प्रशिक्षणाचा कागद असतो, केलेल्या कामाची नोंद असते. ‘वृत्ती’ कशी दाखवणार? आमच्या पेशात तर जी सिस्टर चूक बोलून दाखवते, तीच या रकान्यात मार खाते. उरलेल्या सहाजणींनी हे पाहिले. त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत आमच्या वॉर्डातून एकही लेखी तक्रार गेली नाही, आणि ही गोष्ट मला त्या २ गुणांइतकीच बोचते.

ज्या रुग्णालयांत अशी कपात चालू आहे, तिथल्या व्यवस्थापनांना माझी विनंती आहे. निर्णयाच्या आधी प्रत्येकीला तिचा तक्ता द्या. ज्या गुणाशेजारी तारीख आणि नोंद लिहिता येत नाही, तो गुण धरू नका. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध तिने कधी तक्रार केली असेल, त्याच्याकडून तिचे गुण भरून घेऊ नका. मला त्या तक्त्यापासून दूर ठेवायला हवे होते. आणि अपील असेल तर ते तिचा शेवटचा दिवस उजाडण्याआधी ऐका.

अजून एक. जागा अतिरिक्त ठरली म्हणजे काम संपले असे नसते. इन्फेक्शन कंट्रोलची रजिस्टरे ड्यूटीवरच्या सिस्टरकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आली, आणि रात्रपाळीला ती कोरी राहू लागली. चार महिन्यांनी त्याच कामासाठी कंत्राटी सिस्टर घेतल्या. काढलेल्या तिघींपैकी एकीलाही फोन गेला नाही. त्यांचे नंबर माझ्या डायरीत होते. मलाही कोणी विचारले नाही, आणि मीही आपणहून दिले नाहीत.

आपली,
एक निवृत्त परिसेविका