अणुघड्याळालाही तापमान सांभाळावे लागते

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील अणुघड्याळांवरचा लेख आवडला. मात्र या घड्याळांवर तापमानाचा काहीच परिणाम होत नाही, हे त्यातील विधान अर्धेच खरे आहे.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमधले साधे क्वार्ट्झ घड्याळ मे महिन्यात ४५ अंशांवर चोवीस तास राहिले, तर ते सुमारे सेकंदभर मागे पडते, कारण त्याचा स्फटिक २५ अंशांच्या आसपासच नेमका चालतो. अणुघड्याळ ज्याच्या कंपनांवर चालते, त्या सीझियम या मूलद्रव्याच्या अणूचे तसे नाही. त्याची सेकंदाला ९,१९,२६,३१,७७० ही कंपनसंख्या निसर्गानेच ठरवलेली असून १९६७पासून सेकंदाची व्याख्या तिच्यावरच उभी आहे. परंतु ही संख्या निरपेक्ष शून्य तापमानाला, म्हणजे उणे २७३.१५ अंशांना, गृहीत धरलेली आहे आणि प्रयोगशाळा काही तितकी थंड नसते.

लेसरच्या साहाय्याने अणू कितीही गारठवले, तरी भोवतालच्या भिंती खोलीच्याच तापमानाच्या राहतात. त्यांतून सतत निघणाऱ्या अवरक्त किरणांच्या विद्युतक्षेत्रामुळे अणूच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकतात आणि घड्याळ सुमारे एकोणीस लाख वर्षांत एक सेकंद, इतके मंद चालते. हा फरक गणिताने वजा करता येतो, पण तो तापमानाच्या चौथ्या घातानुसार बदलत असल्याने भिंतीचे तापमान अचूक ठाऊक असावे लागते. तिथे एका अंशाची चूक झाली, तर सुमारे चौदा कोटी वर्षांत एका सेकंदाची अनिश्चितता उरते. हा आकडा हास्यास्पद वाटेल, पण उत्तम सीझियम घड्याळांची स्पर्धा याच पातळीवर चालते. म्हणूनच अमेरिकेतील ‘निस्ट’ या राष्ट्रीय मापन-मानक संस्थेने २०१४ साली सुरू केलेल्या ‘एफ-२’ घड्याळात अणू ज्या नळीतून वर-खाली जातात, ती नळीच उणे १९३ अंशांपर्यंत थंड केली. त्यामुळे किरणांचा परिणाम जवळजवळ दोनशेपटींनी घटला.

लेखात या भिंतींचा उल्लेखच नाही. आपल्या इंदुरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात रुबिडियमचे अणू लेसरने थंड करण्याचे काम झालेले आहे. दिल्ली-बंगळुरूकडे पाहण्याआधी पुरवणीचा पुढील लेख या इंदूरच्या केंद्रातल्याच एखाद्या शास्त्रज्ञाकडून लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, इंदूर