आई-अप्पा, काल पंडितजींना भेटले

प्रिय आई, अप्पा,

जेवण व्हयनं का? फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच रडू आलं असतं, म्हणून लिहून पाठवतेय. आई, अप्पांचा चष्मा शोधून दे आणि दोघं सोबत वाचा.

काल जळगावात कार्यक्रमाच्या आधी मला पंडितजींची मुलाखत घ्यायची होती. तेच पंडितजी, अप्पा, रात्रीची लाईट असली की तुम्ही केळीला पाणी भरायला जाताना ट्रान्झिस्टर घेऊन जायचे आणि ज्यांचं गाणं लागलं की बांधावरच बसून राहायचे. मला दहा मिनिटं मिळालेली. आठ दिवस तयारी केली, बावीस प्रश्न काढले, बालगंधर्व लहानपणी जळगावात होते, इथेच मेहबूबखाँकडे गाणं शिकले, हे पण वाचून ठेवलं, आणि ग्रीनरूमच्या दारात पोचले तर हात इतके गार पडले की मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू होईना. आत दोन तानपुरे लावणं चाललेलं, कोणी बोलत नव्हतं. पंडितजी शाल पांघरून बसलेले, म्हणाले, "ये बाळ, बस, हा लागू दे आधी." मी बसले, कागद उघडला आणि मला त्यावरचं एक अक्षर दिसेना.

मग समोर जे दिसत होतं तेच विचारलं. त्यांचा शिष्य तारेखाली बारीकसा दोरा सरकवत होता, मी म्हटलं, हा कशासाठी? पंडितजी माझ्याकडे वळून बसले. म्हणाले, दोरा घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, नेमक्या जागी आला की तार घोडीला जराशी घासत वाजते आणि तारेच्या पोटातले बाकीचे स्वर बाहेर येतात, तीच जवारी, आणि तानपुरा खरा जुळला तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून गंधार, म्हणजे ग हा स्वर ऐकू येतो, जो कोणी छेडलेलाच नसतो. त्यांनी मला तानपुऱ्याच्या भोपळ्याजवळ कान न्यायला लावला. आई, खरंच येतो गं! पुढे थंडीत लावलेल्या तारा स्टेजच्या लाईटच्या उष्णतेने कशा उतरतात, मग तिथे परत कशा लावाव्या लागतात, सगळं सांगत बसले, वीस मिनिटं झाली तरी मला उठवलं नाही. बालगंधर्वांचं विचारायचं राहूनच गेलं, त्याचं मात्र वाईट वाटतंय.

शेवटी त्यांनीच विचारलं, गाव कोणतं, घरात कोण गातं? मी म्हटलं, यावलकडची, गात कोणी नाही, पण आई जात्यावर ओव्या म्हणायची. म्हणाले, म्हण की एखादी. मी सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला अडले. ते थांबले, शिष्य पण तार धरून थांबला, पण मला आठवेचना. एवढंच म्हणाले, "आईकडून घेऊन ठेव."

नंतर मी विंगेत उभी राहून ऐकलं. स्टेजवर तारा खरंच उतरल्या होत्या, लोक कुजबुजायला लागलेले, मला मात्र कळत होतं काय चाललंय ते. पहिला सा लागला तेव्हा अप्पा, तुम्ही शेजारी पाहिजे होते.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येतेय. आई, गोठ्यातलं जातं अप्पांकडून बाहेर काढून धुऊन ठेव, पायलीभर ज्वारी पण ठेव. दळताना आठवतील तेवढ्या सगळ्या म्हण, मी रेकॉर्ड करून घेणार आहे.

तुमची,
ताई