पोरांचं माप एका दिवसात घेऊ नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात खेळाच्या पानावर शाळांच्या स्पर्धांच्या बातम्या येतात, कुठली शाळा जिंकली, कुणाचं सिलेक्शन झालं, ते मी रोज वाचते, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहायचं ठरवलं. विषय बेसबॉलचा आहे. सोलापुरात बेसबॉल खेळतात का असं मला शेजारपाजारचे पण विचारतात, तर खेळतात, शाळेतली पोरं पोरी खेळतात, शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, आणि माझा मुलगा दीड वर्षापासून खेळतोय.

आधी एक सांगते, माझ्या पोराचं सिलेक्शन झालंय. म्हणजे डावललं म्हणून रागानं लिहितेय असं कुणी समजू नये. ज्याचं व्हायला पाहिजे होतं त्याचं झालं नाही, आणि माझ्याचं ज्या कारणानं झालं ते कारण मला पटलं नाही, म्हणून लिहितेय.

मी पूर्व भागात राहते, घरी दोन मशिनी आहेत, शाळेचे युनिफॉर्म शिवते. मुलाला सकाळी सहाला मैदानावर सोडायचं आणि परत यायचं म्हणजे पेट्रोल डबल, म्हणून मी तिथेच पायरीवर शर्टाची बटणं लावत बसायचे. आमच्या सरांकडे चाळीस पोरं, सर एकटे, ते पण स्वतःची नोकरी सांभाळून येणार. एक दिवस ते म्हणाले, ताई तुम्ही बसलेल्याच असता तर जरा लिहून घ्याल का, मला एवढ्यांचं ध्यानात राहत नाही. तेव्हापासून वही सुरू झाली. गेल्या वर्षीच्या जूनपासूनची सगळी पानं आहेत माझ्याकडे.

काय बघायचं हे सरांनीच शिकवलं. थ्रो करताना उजव्या हाताच्या पोराचा डावा पाय टार्गेटकडे पडतोय का, कोपर खांद्याच्या खाली लोंबतंय का, बॉल सुटल्यावर अंग पुढे जातंय का मागेच राहतंय. जमिनीवरून बॉल आला, त्याला ग्राउंडर म्हणतात, तर पोरगं गुडघ्यात वाकतंय का नुसतं कमरेतून, ग्लोव्ह मातीला टेकलाय का, आणि दुसरा हात झाकणासारखा वर येतोय का. महिन्यातून एकदा आम्ही जाळीला एक जुना टॉवेल बांधायचो, छातीच्या उंचीवर, १५ मीटरवरून प्रत्येकानं १० थ्रो टाकायचे, टॉवेलला लागले किती तेवढं मी लिहायचे. त्याला ना मशीन लागतं ना पैसे, आणि टॉवेलची सोलापुरात काय कमी आहे.

अजून एक गोष्ट सर करायचे ती मला सगळ्यात आवडायची. बॉल मारायच्या आधी ते ओरडायचे, "पहिल्या बेसवर रनर, एक आउट, कुठे?" (बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे, "कुठे" म्हणजे बॉल कुठे टाकणार) आणि शॉर्टस्टॉपवरच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या पोरानं बॉल यायच्या आधीच उत्तर द्यायचं, "दुसऱ्या बेसवर सर!" कारण बॉल हातात आल्यावर विचार करत बसलं तर तोपर्यंत रनर पोचलेला असतो. हे पण मी लिहायचे, दहा वेळा विचारलं तर किती वेळा बरोबर.

आता त्या दुसऱ्या पोराबद्दल. नाव लिहीत नाही. नोव्हेंबरचा जन्म आहे, उंची ४ फूट ८ इंच, त्याची आई विड्या वळते आणि तो चालत मैदानावर येतो. जूनमध्ये टॉवेलला १० पैकी ३ लागले होते त्याचे, ऑक्टोबरमध्ये ६, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेआधी ८. आणि "कुठे" ला तो चुकतच नाही, बाकीची पोरं त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात एवढं त्याला कळतं. माझा मुलगा त्याच वर्षीच्या जानेवारीतला, म्हणजे दहा महिन्यांनी मोठा, उंची ५ फूट ५ इंच, हात लांब, बॉल लांब जातो. पण टॉवेलला जूनमध्ये ४ आणि जानेवारीत ५. आई म्हणून लिहिताना बरं वाटलं नाही, पण जे होतं ते लिहिलं.

मग निवड चाचणी झाली. कुठली, कुणाची ते लिहीत नाही, मला कुणाला बोल लावायचा नाहीये. पोरं नव्वदच्या आसपास, टेबलावर दोघं जण, उन्हाला सुरुवात झालेली. प्रत्येकाला तीन थ्रो, पाच बॉल बॅटिंग आणि एकदा पहिल्या बेसपर्यंत पळणं, एकेका पोराला मिळाली असतील चार मिनिटं. कागदावर नंबर आणि त्यापुढे आकडे. माझ्या मुलाचा एक थ्रो फर्स्ट बेसवाल्याच्या डोक्यावरून जाऊन पार मागच्या झाडीत गेला, मॅचमध्ये त्या एका थ्रोवर रनर सरळ पुढच्या बेसवर गेला असता, पण टेबलावरून आवाज आला, "काय हात आहे!" त्या बारक्या पोराचा पहिला थ्रो घाबरून जरा वर गेला, पुढचे दोन अगदी छातीवर, ते कुणी बघितले की नाही माहीत नाही. पाच बॉलमधले दोन त्यानं कडक मारले, दोन्ही नेमके फिल्डरच्या हातात. मग त्याला विचारलं, "उंची किती रे तुझी?" आणि झालं.

साहेब, मापं घेणं हे माझं रोजचं काम आहे. सातवीच्या एका वर्गात मी २८ नंबरचा शर्ट देते आणि ३८ चा पण देते, पोरं एकाच बाकावर बसणारी. ज्याला मागच्या जूनमध्ये २८ दिला तो या जूनमध्ये ३४ मागतो, आणि जो तेव्हा वर्गात सगळ्यात दांडगा होता तो तिथल्या तिथेच असतो. तेरा चौदाचं वय असंच असतं, वाढ सगळ्यांना एकदम येत नाही. त्यात शालेय स्पर्धांसाठी वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीचं पोरगं आणि नोव्हेंबरचं पोरगं एकाच गटात, आणि या वयात दहा महिने म्हणजे केवढा फरक. मग आपण खेळ बघतोय का जन्मतारीख बघतोय हे चाचणी घेणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावं असं मला मनापासून वाटतं.

होजे अल्टुवे नावाचा खेळाडू आहे, व्हेनेझुएलाचा, माझ्या मुलानंच मला त्याचं सांगितलं. उंची ५ फूट ६ इंच. सोळा वर्षांचा असताना अमेरिकेतल्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज टीमच्या ट्रायलला गेला तर बुटका आहे म्हणून घरी पाठवला, वरून वय खोटं सांगतोस म्हणून संशय. दुसऱ्या दिवशी पोरगं जन्माचा दाखला घेऊन परत हजर. मग २००७ मध्ये १५,००० डॉलरवर घेतला, तिकडच्या मानानं अगदीच किरकोळ रक्कम, आणि २०१७ साली तोच अमेरिकन लीगचा (तिथल्या सगळ्यात वरच्या दोन लीगपैकी एक) एमव्हीपी म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात मोलाचा खेळाडू ठरला. तो दुसऱ्या दिवशी परत गेला म्हणून. आमच्याकडचं पोरगं दुसऱ्या दिवशी परत कुठे जाणार, टेबल तर संध्याकाळीच उचललेलं असतं.

आणि नुसत्या जोरावर निवडायचं म्हटलं तर आपल्याकडचंच उदाहरण आहे, २००८ मध्ये जोरात बॉल फेकायची एक स्पर्धा भारतात झाली, त्यातून रिंकू सिंग (क्रिकेटवाला नाही, हा वेगळा) आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशची दोन भालाफेकवाली पोरं अमेरिकेत गेली आणि पिट्सबर्ग पायरेट्स या टीमनी त्यांना करारावर घेतलं. बेसबॉल कधी खेळलेली नसताना तिथपर्यंत पोचली याचं मला कौतुकच आहे. पण सगळ्यात वरच्या लीगच्या मॅचमध्ये उतरायला दोघांनाही मिळालं नाही, मला वाटतं, लहानपणापासून हातात बसायला लागतं ते बाकीचं सगळं राहून गेलेलं होतं. हात दणकट असणं ही सुरुवात झाली, खेळ त्याच्या पुढे आहे.

बॅटिंगचं तर मला अजूनच पटत नाही. १९४१ मध्ये टेड विल्यम्सनं .४०६ ची सरासरी काढली, ती आजपण लोक मानानं सांगतात, म्हणजे दहात चार हिट, हिट म्हणजे बॉल मारून बेसवर सुखरूप पोचणं. एवढा मोठा माणूस दहातल्या सहा वेळा हिट न मिळवता परत यायचा. आणि आपण तेरा वर्षांच्या पोराला पाच बॉल देऊन ठरवणार की याला बॅटिंग येते का नाही? त्यात आपली पोरं येतात गल्लीतल्या टेनिस बॉल क्रिकेटमधून. बॅट खाली टेकवून उभी राहतात, बॉल मारला की तो कुठे गेला ते बघत थांबतात, इथे बॅट टाकून लगेच पळायचं असतं हे अंगात यायलाच तीन तीन महिने जातात. कडक लागलेला बॉल फिल्डरच्या हातात गेला तर तो नशिबाचा भाग. बॅट सपाट फिरली का, डोकं स्थिर होतं का, लांबचा वाईट बॉल सोडला का, हे बघायला पाहिजे, आणि ते एका सकाळी दिसत नाही, चार सहा महिने बघावं लागतं.

आता माझ्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण खरं तर त्याच्यामुळेच मी पेन हातात घेतलं. हात मोठा म्हणून त्याला पिचर केला, म्हणजे बॅटिंगवाल्याला बॉल टाकणारा, आणि असा एकेक टाकलेला बॉल म्हणजे पिच. स्पर्धेत एकाच दिवशी दोन मॅच, दोन्हीला तोच पिचर. मी सवयीनं वहीत रेघा मारत होते, पाच पाचचे गठ्ठे, संध्याकाळी मोजल्या तर ११८ पिच. तिथे दुसरं कुणी मोजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं दात घासायला ब्रश उचलला आणि कोपर धरून खाली बसला. डॉक्टर म्हणाले कोपराच्या आतल्या बाजूला जिथे हाड अजून वाढतंय तिथे ताण आलाय, दोन महिने बॉल फेकायचा नाही. मग मी शोधलं तर कळलं की अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये पिच स्मार्ट म्हणून नियमावलीच केलीय, १३ १४ वर्षांच्या पोरानं एका दिवसात जास्तीत जास्त ९५ पिच, आणि ६६ किंवा त्याच्या वर गेलं तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. एकाच दिवशी दोन मॅचमध्ये पिचिंग करू नये हे पण त्यात आहे. लिटल लीग म्हणून तिकडची लहान पोरांची बेसबॉल संघटना आहे, तिथे २००७ पासून पिच मोजतात. तिकडे बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना मैदानच लहान देतात, मोठ्यांचं पिचिंगचं अंतर ६० फूट ६ इंच तर यांचं ४६ फूट, बेसमधलं अंतर ९० ऐवजी ६० फूट. पोराच्या मापाचा खेळ शिवून देतात म्हणा ना.

हे मला आधी माहीत असतं तर मी मैदानात शिरून त्याला बाहेर आणला असता. रेघा मीच मारत होते आणि मला कळलं नाही, हे मनातून जात नाही.

म्हणून माझी विनंती आहे, चाचण्या घेणाऱ्या सगळ्यांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना. एका दिवसाऐवजी दोन तीन वेगवेगळ्या सकाळी बघा, जमत नसेल तर निदान पोराच्या सरांकडून सहा महिन्यांची नोंद मागवा आणि ती टेबलावर ठेवून बघा. आकड्यांच्या शेजारी जन्माचा महिना लिहा. पोरगं आज इतर पोरांच्या मानानं कुठे आहे एवढंच न बघता जूनमध्ये ते स्वतः कुठे होतं आणि आता कुठे आलंय ते बघा, कारण शिकणारं पोरगं कोण ते त्यातच कळतं. पिच मोजायला एक माणूस बसवा, कुणी नसेल तर आमच्यासारख्या आया बसतील की. आणि ज्याला घेतलं नाही त्याला एक वाक्य तरी सांगा की तुझं काय चांगलं होतं आणि कशावर काम कर. त्या पोरानं घरी जाताना मला विचारलं, "काकू, माझं काय चुकलं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण वहीप्रमाणे तर काहीच चुकलं नव्हतं.

पालकांना पण सांगायचंय, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून सिलेक्शन सिलेक्शन करून आपणच पोरांच्या मागे लागतो, गाडीवर बसता बसता पहिला प्रश्न किती रन काढले. मी पण तेच विचारायचे. आता विचारते आज "कुठे" ला किती वेळा बरोबर आलं.

ज्या कुणा सरांना किंवा पालकांना अशी वही ठेवायची असेल त्यांनी सकाळी मैदानावर यावं, मी पायरीवर असते, रकाने कसे पाडायचे ते दाखवीन. माझ्या मुलाचा हात अजून तीन आठवडे बंद आहे, तोपर्यंत टॉवेल तोच बांधतो आणि आकडे पण तोच लिहितो.

आपली,
एक पालक, पूर्व भाग, सोलापूर